विलायतेत कोण निवडून येणार? : लोकमताच्या अदमासाची कथा

ब्रिटनच्या पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत कोण जिंकणार, हा प्रश्न आपल्या गावातही हल्ली पुष्कळदा कानांवर येतो. वाचनालयात वर्तमानपत्र चाळता चाळता एखादा गृहस्थ सहज विचारतो, आणि शेजारचा तितक्याच सहजपणे उत्तर देऊन टाकतो. लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले १९३२ साली. तेव्हापासून आपली माणसे तेथे जात आहेत, राहत आहेत. पुष्कळांना ठाऊक नसते, पण भारताचा नागरिक कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून, तेथे कायदेशीररीत्या राहत असेल तर, पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. तेव्हा कोणाच्या मुलाचे, कोणाच्या भाचीचे मत त्या पेटीत खरोखरच पडणार आहे. ही चौकशी निव्वळ रिकामपणाची नव्हे.

परंतु कोण जिंकणार हे सांगायला आम्ही येथे उभे राहिलेलो नाही. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे सारे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. भविष्य सांगण्याची विद्या आमच्याजवळ नाही. "अमुक पक्ष जिंकणार" असे जे लोकांचे मत बनते ते कसे बनते, ते कितपत खरे ठरते आणि त्याचा परिणाम काय होतो, एवढेच आम्ही उलगडून सांगणार आहोत.

फाटकावरचे हात

आरंभी घरचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात बोनसच्या प्रश्नावर संप करावा की नाही, हा वाद होता. आम्ही फाटकावर सभा घेतली आणि हात वर करायला सांगितले. हातांचे रान उभे राहिले. कार्यकारिणीपुढे आम्ही छातीठोकपणे सांगितले की, शंभरांतले नव्वद कामगार संपाच्या बाजूचे आहेत. त्यानंतर गुप्त मतदान झाले. पेटी उघडली तेव्हा संपाच्या बाजूने निम्मीही मते नव्हती.

पुढे कित्येक दिवस आम्ही खात्याखात्यांत हिंडून चौकशी केली. दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, सभेची वेळ रात्रपाळीच्या लोकांना गैरसोयीची होती आणि लांबून येणारे कामगार बस चुकू नये म्हणून थांबलेच नव्हते. म्हणजे आम्ही जे हात मोजले ते सगळ्यांचे नव्हते, थांबलेल्यांचे होते. दुसरी गोष्ट एका जुन्या फिटरने सांगितली. तो म्हणाला, "भाऊ, हात तुमच्या डोळ्यांसमोर वर केला, मत मात्र घरी विचारून दिले." या दोन चुका मनात पक्क्या धराव्यात. ब्रिटनमध्ये मोठमोठ्या विद्वानांनी, यंत्रे व गणित हाताशी असताना, वारंवार ज्या चुका केल्या त्यांतल्या बऱ्याचशा याच आहेत.

१९४५ : जे दिसले ते आणि जे होते ते

युरोपातले महायुद्ध मे १९४५ मध्ये संपले आणि ५ जुलैला ब्रिटनमध्ये मतदान झाले. विन्स्टन चर्चिल हे युद्ध जिंकून देणारे पंतप्रधान. त्यांच्या मोटारीभोवती गावोगाव प्रचंड गर्दी लोटत होती. हुजूर पक्ष निवडून येणार, प्रश्न फक्त बहुमत किती एवढाच, असे राजकीय वर्तुळात बहुतेक सर्वजण धरून चालले होते. मजूर पक्षाच्या कित्येक पुढाऱ्यांनाही तसेच वाटत होते.

पण त्याच वेळी दोन ठिकाणी निराळी नोंद होत होती. लोकमत-चाचणीची संस्था ब्रिटनमध्ये १९३७ साली निघाली होती. अमेरिकेतल्या गॅलप यांच्या पद्धतीवर हेन्री ड्युरंट ती चालवीत. तिच्या चाचण्या 'न्यूज क्रॉनिकल' पत्रात छापून येत आणि त्यांत मजूर पक्ष स्पष्टपणे पुढे होता. त्याच १९३७ साली 'मास ऑब्झर्वेशन' नावाचा दुसरा उपक्रम सुरू झाला. त्यातली मंडळी बोल्टन या कापडगिरण्यांच्या गावी जाऊन, गुत्त्यात, रस्त्यावर, कामाच्या जागी लोक आपापसांत काय बोलतात ते टिपून ठेवीत. या उपक्रमाचे एक प्रवर्तक टॉम हॅरिसन यांनी १९४४ सालीच 'कोण जिंकणार?' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून चर्चिल यांचा पक्ष हरेल असे सांगितले होते. त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

परदेशी असलेल्या सैनिकांची मते यायची असल्याने निकाल तीन आठवड्यांनी, २६ जुलैला लागला. ६४० पैकी ३९३ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. पॉट्सडॅमच्या परिषदेतून निकालासाठी घरी आलेले चर्चिल परत गेलेच नाहीत. त्यांच्या जागी ॲटली गेले. खाणीत काम केलेले ॲनायरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाले आणि ५ जुलै १९४८ रोजी, मतदानाला बरोबर तीन वर्षे होत असताना, राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. आपल्या दृष्टीने सांगायचे तर याच ॲटली सरकारने १९४६ साली त्रिमंत्री शिष्टमंडळ इकडे धाडले आणि याच सरकारच्या कारकिर्दीत १५ ऑगस्ट १९४७ उजाडला.

मग गर्दी खोटी होती काय? मुळीच नाही. लोक चर्चिल यांचे आभार मानायला रस्त्यावर आले होते. पण मत देताना त्यांच्या डोळ्यांपुढे होती १९३० नंतरची बेकारी, आणि डिसेंबर १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने दाखविलेली सामाजिक विम्याची आशा. कृतज्ञता निराळी आणि मत निराळे. आमच्या फिटरने सांगितले ते हेच.

शितावरून भाताची परीक्षा

चाचणीवाले साधारण हजार-दोन हजार माणसांना विचारतात आणि साडेचार कोटींहून अधिक मतदारांविषयी बोलतात. हे ऐकून पुष्कळांना हसू येते. पण आपल्या घरातील गृहिणी चार शिते चेपून पातेलेभर भाताची परीक्षा करतेच ना? त्यात लबाडी नाही. अट एवढीच की, शिते साऱ्या पातेल्यातून घेतलेली असावीत. वरवरची शिते घेतली आणि तळाचा भात करपला असेल तर परीक्षा फसली.

शितांची संख्या वाढवून ही चूक भरून निघत नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त उत्तरे गोळा केली आणि रूझवेल्ट हरणार असे छापले. त्यांनी पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या व मोटारमालकांच्या याद्यांवरून. त्या मंदीच्या काळात ज्याच्या घरी टेलिफोन नाही त्याचे मत त्यात उतरलेच नाही. रूझवेल्ट प्रचंड बहुमताने जिंकले. गॅलप यांनी त्यामानाने थोड्याच लोकांना, पण सर्व थरांतून निवडून विचारले होते. त्यांचे उत्तर बरोबर आले. माणसे नीट निवडली असली तर हजारांच्या चाचणीत एखाद्या पक्षाचा आकडा सुमारे तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे "अमुक पक्ष दोन टक्क्यांनी पुढे" या बातमीचा खरा अर्थ "दोघे जवळजवळ बरोबरीत" एवढाच असतो.

ब्रिटनमध्ये हा भात तीनदा चांगलाच फसला.

पहिल्यांदा १९७० साली. १८ जूनच्या मतदानापूर्वी पाच संस्थांच्या शेवटच्या चाचण्या आल्या. चौघींनी विल्सन यांचा मजूर पक्ष पुढे दाखविला. एकीनेच, तेही जेमतेम एका टक्क्याने, हुजूर पक्ष पुढे आहे असे म्हटले. या एका संस्थेने अगदी अखेरच्या दिवसांत काही मतदारांना पुन्हा गाठून विचारले होते. मतदानाच्या तीन दिवस आधी परदेशी व्यापाराचे वाईट आकडे बाहेर आले होते आणि शेवटच्या घटकेला लोकांचे मन हलले. हीथ यांना ३० चे बहुमत मिळाले. इतरांचा भात चाखून झाल्यावर चुलीवर पुन्हा जाळ लागला होता!

दुसऱ्यांदा ९ एप्रिल १९९२. चाचण्या म्हणत होत्या, मजूर पक्ष किंचित पुढे आहे, कोणालाच बहुमत मिळणार नाही. प्रत्यक्षात जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष सुमारे साडेसात टक्क्यांनी पुढे राहिला आणि त्याला २१ चे बहुमत मिळाले. पुढे चौकशी झाली; अहवाल १९९४ साली आला. त्यात तीन कारणे सांगितली होती : काहींनी शेवटी मत बदलले, कोणत्या थरातली किती माणसे विचारायची याचे हिशेब जुने झाले होते, आणि हुजूर पक्षाच्या काही मतदारांनी आपले मत सांगण्याचे टाळले. त्या काळी त्या पक्षाला मत देतो म्हणणे चारचौघांत स्वार्थीपणाचे वाटत असावे. समोरच्याला बरे वाटावे म्हणून हात वर करणारे आणि लाजून हात खाली ठेवणारे एकाच जातीचे.

तिसऱ्यांदा ७ मे २०१५. शेवटच्या बहुतेक चाचण्यांत दोन्ही मोठे पक्ष बरोबरीत होते. निकालात हुजूर पक्ष साडेसहा टक्के पुढे निघाला. प्राध्यापक पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि २०१६ साली स्वच्छ निष्कर्ष निघाला : चूक माणसे निवडण्यात होती. चाचणीवाल्यांना मजूर पक्षाचे मतदार प्रमाणापेक्षा जास्त भेटले, हुजूर पक्षाचे कमी. आपला आकडा इतरांपासून फार वेगळा दिसू नये म्हणून संस्था नकळत एकमेकींच्या जवळ सरकल्या असतील, ही शक्यताही समितीने नाकारली नाही. माणूस शास्त्रज्ञ झाला तरी त्याला एकटे पडण्याची भीती वाटतेच.

मात्र एका प्रकारची चाचणी अलीकडे बहुधा खरी ठरते. मतदान करून बाहेर पडणाऱ्याला हुबेहूब मतपत्रिका देतात आणि ती पुन्हा एका पेटीत टाकायला सांगतात. तोंडाने सांगावे लागत नाही, आणि पुढे काय करणार हा प्रश्नच उरत नाही. जे केले तेच विचारतात. शक्य तेथे मागच्या वेळचीच केंद्रे घेऊन फरक मोजतात. मतदान संपेपर्यंत हे आकडे प्रसिद्ध करायला कायद्याने बंदी आहे. २०१५ साली रात्री दहाला या चाचणीने हुजूर पक्षाला ३१६ जागा सांगितल्या तेव्हा उदारमतवाद्यांचे जुने पुढारी ॲशडाउन दूरदर्शनवर म्हणाले की, हे खरे निघाले तर मी माझी टोपी खाईन. प्रत्यक्षात त्याहूनही जास्त जागा आल्या.

मते निराळी, जागा निराळ्या

मते बरोबर मोजली तरी कोडे सुटत नाही. ब्रिटनची पद्धत आपल्यासारखीच, किंबहुना आपण ती तेथूनच घेतली : मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो, मग ती निम्म्यांहून कितीही कमी असोत. १८९२ साली दादाभाई नवरोजी मध्य फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी पार्लमेंटात गेले. मे २०२५ मध्ये रनकॉर्न व हेल्सबी येथील पोटनिवडणूक रिफॉर्म पक्षाने सहा मतांनी जिंकली. असे निकाल देशभराच्या टक्केवारीवरून कोण सांगणार?

१९५१ साली मजूर पक्षाला देशात १ कोटी ३९ लाख मते मिळाली, हुजूर व त्यांच्या मित्रपक्षांना १ कोटी ३७ लाख; पण जागा हुजूर पक्षाला ३२१ आणि मजूर पक्षाला २९५. जास्त मते मिळवून मजूर पक्ष हरला. फेब्रुवारी १९७४ मध्ये उलटे घडले : मते हुजूर पक्षाला अधिक, जागा मजूर पक्षाला अधिक. आणि ४ जुलै २०२४ चा निकाल तर मुद्दाम ध्यानात ठेवावा. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मते आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मते आणि ५ जागा. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १२.२ टक्के मते, म्हणजे रिफॉर्मपेक्षा कमी. पण जागा ७२! ज्याची मते ठरावीक मतदारसंघांत साठलेली, त्याला फळ; ज्याची सर्वत्र पातळ पसरलेली, त्याच्या पदरी फक्त आकडा. त्या वेळी चाचण्यांनी विजेता बरोबर सांगितला, म्हणून त्यांची वाहवा झाली. वास्तविक मजूर पक्षाची आघाडी त्यांनी प्रत्यक्षापेक्षा बरीच मोठी दाखविली होती. जागांचा ढीग इतका मोठा पडला की, त्याखाली ती चूक झाकली गेली.

अदमासच मत फिरवतो

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. "तुम्ही कोणाला मत देणार?" हा एक प्रश्न, "कोण जिंकेल असे तुम्हांला वाटते?" हा दुसरा. पहिल्यात माणूस आपली इच्छा सांगतो. दुसऱ्यात तो शेजारीपाजारी, कामावर, बाजारात जे ऐकतो त्याचा गोषवारा सांगतो. म्हणून काही अभ्यासकांच्या मते दुसरा प्रश्नही उपयोगी पडतो. पण सगळे शेजारी एकच वर्तमानपत्र वाचत असले तर १९४५ सारखी गत होते.

आणि हा अदमास नुसता बाजूला बसून राहत नाही. पाऊस पडणार असे म्हटल्याने पाऊस पडत नाही. पण "तो पक्ष जिंकणार" असे सर्वांनी म्हटले की मतदाराची चाल बदलते. कोणी जिंकणाऱ्याच्या मागे जातो, कोणी "आता माझे मत कशाला" म्हणून घरी बसतो, कोणी नको असलेल्याला अडविण्यासाठी आवडता उमेदवार सोडतो. हे पुढाऱ्यांना पक्के ठाऊक असते. २०१५ साली कोणालाच बहुमत मिळणार नाही असे चाचण्या सांगत होत्या, तेव्हा हुजूर पक्षाने आपला प्रचार त्यावरच उभारला : मजूर पक्षाचे सरकार स्कॉटिश राष्ट्रवाद्यांच्या तालावर नाचेल, असे चित्र रंगविले. म्हणजे चुकीच्या आकड्यांनी वादाचा विषयच ठरवून टाकला. वेतन, घरभाडे, इस्पितळे हे विषय मागे सरले. २०२४ साली हुजूर मंत्रीच सांगू लागले की, मजूर पक्षाला अवाढव्य बहुमत देऊ नका. स्वतःचा पराभव गृहीत धरून त्याच्यावरच मते मागण्याचा तो प्रकार होता.

याचे स्वच्छ उदाहरण ऑक्टोबर २०२५ मध्ये वेल्समधील कॅरफिली येथे दिसले. वेल्सच्या विधिमंडळाची ती पोटनिवडणूक. गाव जुन्या कोळसाखाणींच्या मुलखातले, मजूर पक्षाचा बालेकिल्ला. मतदानापूर्वीच्या एका चाचणीत रिफॉर्म पक्ष थोडा पुढे, वेल्सचा राष्ट्रीय पक्ष प्लाइड कमरी त्याच्या पाठोपाठ आणि मजूर पक्ष फार मागे दिसला. मतदारांना कळले की लढत दोघांतच आहे. निकालात प्लाइड कमरीला सुमारे ४७ टक्के, रिफॉर्मला ३६ आणि मजूर पक्षाला अवघे ११ टक्के मते मिळाली. रिफॉर्मला अडवायचे म्हणून मजूर पक्षाची कित्येक माणसे दुसऱ्या पक्षाकडे गेली, असाच अर्थ तेथे लावला गेला. ज्या चाचणीने रिफॉर्म जिंकेल असे सुचविले, तिनेच त्याला हरवायला हातभार लावला असे म्हणावे लागेल.

मग पुढच्या वेळी कोण?

ही निवडणूक कायद्याप्रमाणे ऑगस्ट २०२९ पर्यंत व्हायला हवी. पंतप्रधान ती अगोदरही घेऊ शकतात. २०२५ च्या मे महिन्यापासून त्या वर्षातल्या बहुतेक चाचण्यांत नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष पहिल्या जागी होता, आणि शतकभर आळीपाळीने राज्य केलेले दोन्ही पक्ष त्याच्या खाली होते. हे लहानसहान नव्हे. मजुरांच्या मुलखातले मजूर आपल्या जुन्या पक्षापासून का तुटले, याचा आम्हां संघटनेच्या माणसांनी तर अंतर्मुख होऊन विचार केला पाहिजे. "लोक फसले" म्हणणे सोपे असते. फाटकावरच्या सभेनंतर आम्हीही प्रथम तेच म्हटले होते.

पण त्यावरून निकाल काढण्यापूर्वी एक जुनी गोष्ट आठवावी. डिसेंबर १९८१ मध्ये गॅलपच्या चाचणीत सोशल डेमोक्रॅट व लिबरल यांच्या आघाडीला निम्म्या मतदारांचा पाठिंबा दिसला होता. पुढच्या वर्षी फॉकलंडचे युद्ध झाले. जून १९८३ च्या निवडणुकीत त्या आघाडीला २५ टक्के मते आणि फक्त २३ जागा मिळाल्या. मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाला ३९७. मुदतीच्या मध्यावर मतदार रागाने बोलतो, निवडणुकीत तो निवड करतो. शिवाय मतदानाचे वय १६ करण्याचा मनोदय सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. अशा नव्या मतदारांतले किती जण प्रत्यक्ष पेटीपर्यंत येतील, याचा जुना हिशेब चाचणीवाल्यांच्या वहीत कोठून असणार?

तेव्हा यापुढे एखादा आकडा वाचनात आला की चार गोष्टी विचाराव्यात. कोणाला विचारले, आणि कोण सुटले? केव्हा विचारले? मतांचा आकडा आहे की जागांचा? आणि हा आकडा छापण्यात कोणाचा काही लाभ आहे काय? ही उत्तरे मिळाली तर चाचणी उपयोगी आहे. १९४५ साली पुढाऱ्यांनी न ऐकलेला सामान्य माणसाचा आवाज चाचणीनेच टिपला होता, हे विसरून चालणार नाही. चाचणीला नावे ठेवणारे पुष्कळदा स्वतः गर्दी मोजत असतात.

त्या कारखान्यात आम्ही पुढे पद्धत बदलली. तिन्ही पाळ्यांत वेगवेगळ्या सभा घेतल्या, खात्याखात्यांत बसून ऐकले, आणि किती लोक आपल्या बाजूचे आहेत हे विचारण्याआधी त्यांना काय हवे आहे ते विचारू लागलो. पुढच्या करारात बोनसपेक्षा बसचा प्रश्न वर आला. ती मागणी आम्हांला फाटकावर कधीच ऐकू आली नव्हती. ब्रिटनच्या मतदारांनाही कोण जिंकणार हे विचारणारे पुष्कळ आहेत. तुम्हांला काय हवे, हे विचारून नीट ऐकून घेणारा जो निघेल, त्याला बहुधा आकड्यांकडे फार पाहावे लागणार नाही.